गराड्याची कुळकथा

आज गावात नेता आला की हार-तुरे, शाल-श्रीफळ आणि घोषणा यांतच वेळ सरतो. गाऱ्हाणे घेऊन आलेला माणूस कार्यकर्त्यांच्या गराड्याबाहेर ताटकळतो. ही रीत लोकशाहीने जन्माला घातलेली नाही, ती दरबारातून आली आहे. तिथे आधी प्रजेसाठीही वाट होती: मोगल बादशहा अकबर रोज सकाळी महालाच्या झरोक्यात येई आणि खाली जमलेल्या सामान्य माणसालाही तेथे अर्ज करता येई. ही मनुष्यपूजा आहे असे मानून औरंगजेबाने झरोकादर्शन बंद केले. दरबारात मोहरा-रुपये पुढे धरण्याची ‘नजर’ मात्र चालूच राहिली. प्रजेसाठीची खिडकी मिटली आणि मानकऱ्यांची वाट तेवढी उरली. मोगल दरबारात वाढलेल्या निजाम-उल-मुल्काने 1724 मध्ये दख्खनेत आपली सत्ता उभी केली, तेव्हा नजरेचा रिवाज हैदराबादेत आला. हिंगोलीचा मुलूख 1948 पर्यंत याच संस्थानात होता.

या रीतीचा शेवट काय होतो, ते सातव्या निजामाने दाखवून दिले. भारताशी करार करायला निघालेल्या त्याच्या शिष्टमंडळातील सदस्यांची घरे 27 ऑक्टोबर 1947 च्या पहाटे रझाकारांचा नेता कासिम रझवी याच्या समर्थकांनी वेढली. दिल्लीला जाणे रद्द झाले, छतारीच्या नवाबाचे पंतप्रधानपद गेले आणि मीर लायक अली त्या जागी आले. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौजांपुढे शरणागती पत्करल्यावर निजामाने रेडिओवरून सांगितले, की रझवीच्या गटाने आपल्याला असहाय केले होते. ही सारवासारव होती, असा आक्षेप कोणी घेईल, आणि त्यात तथ्य आहे. संस्थानातील हैदराबाद स्टेट काँग्रेसवर 1938 मध्ये स्थापनेआधीच बंदी आली होती. तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ 15 ऑगस्ट 1947 ला तुरुंगात गेले. खरे सांगणाऱ्यांची तोंडे राज्यानेच बंद केली होती. गराडा बळावतो तो अशा बंद दारांच्या आधाराने.

नेत्याला विश्वासाची माणसे लागतात, हे कोणीही नाकारणार नाही. निवडणूक त्यांच्याच श्रमावर लढली जाते. पण जनमत कळण्याचा तो एकमेव मार्ग झाला, की निष्ठावंताला नको असलेली बातमी वर पोचतच नाही. अधिकाऱ्यांसाठी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्यात लोकशाही दिन असतो. हिंगोलीच्या आमदार-खासदारांनीही असाच एक दिवस ठरवावा: हार नाही, मंच नाही, समोर फक्त मतदार. आणि मतदारांनी तो हक्काने मागावा.