ढकलपास

आमच्या शहाडात ‘पास’ हा शब्द तीन अर्थांनी चालतो. लोकलने जाणाऱ्याच्या खिशात असतो तो पास. माझ्या वर्गातली पोरे एप्रिलात ज्याच्यासाठी देव पाण्यात घालून बसतात तो पास. आणि मुरबाड रस्त्यावरचे गाडीवाले वर्षातून एकदा ज्याच्या नावाने घाम पुसतात ते पासिंग. पहिल्या दोहोंशी माझा संबंध जन्माचा आहे. तिसऱ्याशी तो जडला माझ्या मामांमुळे.

मामांची पिकअप २००४ सालची. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे, एम. एच. ०५ म्हणजे कल्याणचे पासिंग, आणि मागच्या फळीवर ‘एकवीरा आई प्रसन्न’. ओतूरच्या बाजूने भाजी भरायची, रात्री माळशेज घाट उतरायचा आणि पहाटेच्या आत कल्याणच्या बाजार समितीत माल टाकायचा, असा त्या गाडीचा आणि मामांचा संसार. नवरात्र जवळ आले की भाजीची जागा झेंडू घेई. चार महिन्यांची कमाई त्या दहा दिवसांत होई. २०१८ साली नेमक्या त्याच दिवसांच्या तोंडावर गाडीच्या योग्यता प्रमाणपत्राची मुदत संपत आली.

“मास्तर, कागदाचं तेवढं तू बघ,” मामा म्हणाले. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणजे कागदाचे मला सारे कळते, अशी आमच्या घरची समजूत आहे.

कागदाचे बघता बघता मी त्या कागदाच्या इतिहासात शिरलो. त्याची हकीकत वाचकांना सांगितली तर दिवाळीच्या फराळात फार मोठा खडा लागणार नाही, असे वाटते.

मामांची गाडी ज्या वाटेने येते ती वाट आजची नाही. जुन्नरकडून कोकणात उतरणारा माल दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटाने खाली येई आणि कल्याणच्या बंदरात जाई. ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात ‘कॅलिएना’ म्हणून आले आहे ते हेच आपले कल्याण. नाणेघाटाच्या माथ्यावर आजही दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असे लोक सांगतात. ते खरे धरले तर एक गोष्ट ध्यानात येते. घाटावर बसलेला सरकारी माणूस माल पाहत होता. बैलाच्या खांद्याला जखम आहे का, गोणीची दोरी कुजली आहे का, याची चौकशी त्याच्या कामात नव्हती. बैल दरीत गेला तर तो व्यापाऱ्याचा बैल. सरकारला जकात मिळाली की झाले. माल सोडून वाहनाकडे पाहण्याची बुद्धी सरकारला सुचायला वाफेचे युग यावे लागले, आणि त्यासाठी आधी माणसे मरावी लागली.

१८६३ साली कलकत्त्यात एक बॉयलर फुटला आणि अनेकांचा जीव गेला. पुढच्याच वर्षी, १८६४ साली, बंगालात बॉयलर तपासण्याचा कायदा झाला. तिकडे जर्मनीत मॅनहाइम गावी १८६५ च्या जानेवारीत दारूच्या भट्टीचा बॉयलर उडाला. तेव्हा तिथल्या कारखानदारांनी १८६६ मध्ये आपण होऊन तपासणीची संस्था काढली. आज साऱ्या जर्मनीतल्या मोटारी तपासणाऱ्या संस्थांचे मूळ ते. म्हणजे मोटार तपासण्याची कल्पना मोटारीच्या जन्माआधीची आहे. यंत्र धन्याच्या मालकीचे असले, तरी ते फुटल्यावर मरणारा माणूस बहुधा दुसराच असतो. एवढे एक सत्य कळायला जगाला बरेच बॉयलर लागले.

आपल्याकडे मोटारींसाठी साऱ्या हिंदुस्थानचा कायदा झाला तो १९१४ साली. नोंदणी करा, चालकाने परवाना घ्या, असा त्याचा थोडक्यात आशय. त्या वेळी मोटार ही संस्थानिकांची आणि शेठजींची हौस होती. पहिले महायुद्ध संपल्यावर चित्र बदलले. मोटारी स्वस्त झाल्या आणि एकेका गाडीचे एकेक मालक रस्त्यावर आले. घर गहाण टाकून लॉरी घ्यायची, स्वतःच चालवायची, टपावरसुद्धा माणसे बसवायची, आणि रेल्वेपेक्षा दोन आणे कमी भाडे सांगायचे, असा तो धंदा. मामांच्या जातकुळीची ती पहिली पिढी.

रेल्वेला हे सोसवेना. १८५४ सालच्या १ मे रोजी कल्याणला आलेली आगगाडी इतकी वर्षे निवांत होती. आता तिला भागीदार आले. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने रस्त्यांसाठी पेट्रोलवर कर बसवण्याची शिफारस केली होती. पण ज्या रस्त्यांवर मोटारी वाढायच्या, त्यांच्या शेजारून सरकारचेच रूळ जात होते. १९३३ मध्ये मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी रेल्वे आणि रस्ता यांच्या चढाओढीवर अहवाल दिला. मोटारवाहतुकीला शिस्त लावली पाहिजे, असा सूर धरला गेला. आणि त्यातून १९३९ चा मोटार वाहन कायदा जन्मला.

त्या कायद्यात भाड्याच्या आणि मालाच्या गाड्यांसाठी योग्यता प्रमाणपत्राचे कलम आले. वाचताना मला त्या कलमाची गंमत वाटली. प्रमाणपत्र नसेल तर दंड, एवढ्यावर ते थांबत नाही. प्रमाणपत्र नसेल तर गाडीची नोंदणीच ग्राह्य नाही, असे ते म्हणते. म्हणजे गाडी दारात उभी आहे, तिचे चाक तुमच्या पायाला लागते आहे, पण कायद्याच्या दृष्टीने ती नाहीच! हेच शब्द पुढे १९८८ च्या कायद्यातही राहिले.

आता कोणी विचारील की हे कलम माणसांच्या जिवासाठी आले की रेल्वेच्या गल्ल्यासाठी? दोहोंसाठी, असे माझे मत आहे. पण हेतू मिसळीचा असला म्हणून फळ वाईट ठरत नाही. इंग्लंडात रेल्वेचे असे दडपण नसताना १९६० साली दहा वर्षांपुढच्या खाजगी मोटारींची तपासणी सुरू झाली आणि १९६१ मध्ये ती सक्तीची झाली. पहिल्या तपासण्यांत इतक्या गाड्या नापास झाल्या की त्याच वर्षी दहाची मर्यादा सातावर आणावी लागली. साहेबाच्या गाडीचेही ब्रेक लागत नव्हते, हे वाचून मामांना फार समाधान झाले.

दुसरे महायुद्ध संपले आणि आमच्या भागाचे रूप पालटले. शहाडला लागून लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधहून आलेली निराधार माणसे तिथल्या बराकींत राहिली. १९४९ च्या ऑगस्टात त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. पण जुन्या माणसांच्या तोंडी ती अजून ‘कॅम्प’च आहे. मग आमच्याकडे कृत्रिम रेशमाचा कारखाना उभा राहिला, भोंग्यावर घड्याळे लागू लागली. माणसे वाढली तशी भाजी लागली आणि भाजीला वाहन लागले. १९५८ साली फिरोदियांनी जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या कंपनीशी करार करून तीनचाकी मालगाडी काढली. तिचे नाव टेम्पो. कंपनीचे नाव पुढे बदलले, ती तीनचाकी गेली. पण मराठीत चार खुर्च्या न्यायच्या असल्या तरी माणूस अजून ‘टेम्पो सांगा’ असेच म्हणतो. मॅनहाइमचा बॉयलर आणि हॅम्बुर्गचा टेम्पो, असे जर्मनीचे दुहेरी देणे मामांच्या डोक्यावर होते. त्यांना त्याची वार्ताही नव्हती.

त्यांना चिंता होती ती गाडीची. आठ दिवस ती एखाद्या नवरीसारखी सजत होती. गंजलेल्या पत्र्याला ठिगळ, त्यावर रंग. दारावर मालकाचे नाव आणि रिकाम्या गाडीचे वजन नव्या अक्षरांत. मागेपुढे चमकणाऱ्या पट्ट्या. वायपरला रबर, हॉर्नला आवाज. चेसिसवरच्या आकड्यांवर कागद धरून पेन्सिल घासली आणि नंबराची छाप घेतली. ते काम माझ्याकडे होते आणि मी ते सुवाच्य केले.

अशात एक गृहस्थ भेटले. कागद फिरवून देणारे असे गृहस्थ कुठेही असतात. ते म्हणाले, “गाडी कशाला खोळंबवता? फुलांचा सीझन आहे. तुम्ही फेऱ्या मारा, कागद घरपोच येईल.” त्यांनी रक्कम सांगितली. मामांनी माझ्याकडे पाहिले. दोन दिवस गाडी उभी राहणे म्हणजे काय, हे त्या रकमेपेक्षा त्यांना चांगले ठाऊक होते.

“नको, मामा,” मी म्हणालो.

“तू पोरांना सवलतीचे मार्क देतोस ना? आठवीपर्यंत सगळ्यांना वर ढकलता तुम्ही. मग माझ्या गाडीनंच काय पाप केलंय?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नव्हते, ही गोष्ट खरी. मी केवळ एवढेच म्हणालो, की पोराला घाट उतरायचा नसतो. बोलून गेलो आणि तेव्हाच मनात आले, की पोरालाही घाट उतरायचाच असतो. तो जरा लांब असतो इतकेच.

सकाळी आम्ही गाडी घेऊन गेलो. आधी निव्वळ पाहून, एक हात फिरवून गाडी पास होई, असे जुने चालक सांगतात. पुढे पुण्याच्या एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने कडक भूमिका घेतली आणि ब्रेक तपासायला २५० मीटरचा मार्ग असल्याखेरीज प्रमाणपत्र देऊ नका, असे बजावले. त्या मार्गावर रांग होती. दिवे पाहिले, छाप जुळवली, धूर मोजल्याचा दाखला पाहिला. नव्या रंगाकडे निरीक्षकाने ढुंकूनही पाहिले नाही. तो गाडीत बसला, मामांना वेग घ्यायला सांगितले आणि म्हणाला, “दाबा.”

गाडी थांबली, पण नाक डावीकडे वळवून थांबली. पुन्हा एकदा केले. पुन्हा तसेच.

“डावीकडे ओढतेय. उजवीकडचा ब्रेक धरत नाही. उघडून बघा,” एवढे बोलून त्याने नापासाची कारणे लिहून आमच्या हातावर ठेवली.

परतताना मामा एक अक्षर बोलले नाहीत. मुरबाड रस्त्यावरच्या गॅरेजात मिस्त्रीने मागच्या उजव्या चाकाचा ड्रम काढला. व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल झिरपत होते आणि लायनर तेलाने माखून गुळगुळीत झाला होता. मिस्त्रीने तो बोटाने पुसून मामांसमोर धरला. “काका, भरल्या गाडीनं ह्याच्यावर घाट उतरत होता?”

मामा बाजूच्या टायरवर बसले. थोड्या वेळाने त्यांनी पाणी मागितले. मग हळूच म्हणाले, “गेल्या रात्री पुढं एक बस होती रे. पंचवीस-तीस माणसं असतील.” पुढचे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

दोन दिवस गाडी उभी राहिली. झेंडूच्या दोन फेऱ्या बुडाल्या. तिसऱ्या दिवशी गाडी नाकासमोर थांबली आणि पास झाली. मामांनी प्रमाणपत्र कपाळाला लावले, तसे एरवी ते फक्त देवळातल्या प्रसादाला लावतात.

माझ्या मनात मात्र दुसरेच घोळत राहिले. १९८८ च्या कायद्यात एक अट आहे. प्रमाणपत्र नाकारले तर नाकारण्याचे कारण गाडीमालकाला लेखी दिलेच पाहिजे. एका जुन्या पिकअपला कायद्याने हा मान दिला आहे: तू नापास का, हे तुला सांगितले जाईल, दुरुस्त हो आणि पुन्हा ये. मी वीस वर्षे पोरांच्या वह्या तपासतो आहे. लाल शाईने आकडा लिहिला की माझे काम संपले, असे मानत आलो. जो नापास त्याला कारण सांगितले नाही. ज्याला वर ढकलला त्याचा ड्रम कधी उघडून पाहिला नाही. वरून रंग देऊन किती पोरे मी घाटाकडे पाठवली, याचा हिशेब कुठल्याच कचेरीत नाही.

त्या सहामाहीला मी प्रत्येक कच्च्या पोराच्या वहीत आकड्याखाली दोन ओळी लिहिल्या: भागाकारात हातचा चुकतो; वाचतोस बरे, पण प्रश्न पुरा वाचत नाहीस. ती वही घेऊन एकाचा बाप शाळेत आला. मला वाटले, भांडायला आला. तो म्हणाला, “गुरुजी, काय बिघडलंय ते आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.”

मामांची गाडी पुढे चार वर्षे चालली. मग त्यांनी तिला आपण होऊन निरोप दिला. तो तेलाने माखलेला लायनर मात्र त्यांनी टाकला नाही. दसऱ्याला शस्त्रे पुजतात तेव्हा पान्याच्या शेजारी तो अजून पाटावर असतो, आणि त्याच्यावरही झेंडूचे एक फूल असते.