रोडपाली परिसराचे नागरीकरण आणि मॉस वनस्पती : नोंदींचा इतिहास

प्रस्तावना : पनवेल तालुक्यातील रोडपाली हे गाव आज कळंबोली वसाहतीत सामावलेले आहे. नागरीकरणात वनांचे तुकडे होतात, तेव्हा वृक्षहानीची चर्चा होते. परंतु वृक्षांच्या आश्रयाने जगणाऱ्या मॉस वनस्पतींचे काय होते, हा प्रश्न इतिहासात जवळजवळ अनुत्तरित राहिला आहे. त्याच्या कारणांचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

पार्श्वभूमी : १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली व नवी मुंबईसाठी सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र निश्चित झाले. सखल जमिनींवर भराव पडले, टेकड्यांवर खाणी सुरू झाल्या. जवळचे कर्नाळा हे वनक्षेत्र १९६८ पासून अभयारण्य आहे. मात्र त्यातूनही महामार्ग जातो.

पर्यावरणीय घटक : मॉसला खरी मुळे व जलवाहिन्या नसतात, पाणी ती सर्वांगाने शोषते. तिच्या फलनासाठीही पाण्याचा पातळ थर आवश्यक असतो. वनाचा तुकडा जितका लहान, तितका त्याच्या कडेने ऊन, वारा व धूळ यांचा शिरकाव अधिक. सावली व दमटपणा यांवर अवलंबून असणाऱ्या दुर्मीळ जाती त्यामुळे प्रथम मागे हटतात. उलट, ऊन सोसणाऱ्या सामान्य जाती पावसाळ्यात सिमेंटच्या भिंतींवरही वाढतात. भिंतीवरील ही हिरवळ वनातील हानी झाकून टाकते.

नोंदींतील उणीव : थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ (१९०१-१९०८) प्रामुख्याने सपुष्प वनस्पतींचा आहे. राज्याच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण अधिनियमाने वृक्षगणना बंधनकारक केली. पण गणना वृक्षांचीच. त्या वृक्षाच्या सालीवर काय वाढते, याला रकाना नव्हता. दाभाडे यांचा मॉसविषयक ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे क्षेत्र खंडाळा व महाबळेश्वर हे होते. घाटमाथ्याची नोंद झाली, पायथ्याची मात्र मागे राहिली.

निष्कर्ष : एक झाड तोडून दुसरे लावल्यास वृक्षांचा हिशेब जुळतो. जुन्या सालीवरील मॉसचा हिशेब असा जुळत नाही, कारण रोपाला ती साल व ती सावली लाभण्यास अनेक दशके लागतात. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये तयार होणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवहीत मॉसचा समावेश करणे शक्य आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी पावसाळ्यात हे काम हाती घेतल्यास, पुढील इतिहासकारास निदान काय होते हे सांगता येईल.