ओल्या फडक्यापासून फ्रिजच्या खणापर्यंत

खुडलेली भाजी निर्जीव झाली, असे आपण समजतो. वस्तुतः देठ तुटल्यानंतरही पान श्वासोच्छ्वास करीतच असते. मुळांकडून येणारे पाणी थांबलेले असते. पानातून वाफेच्या रूपाने जाणारे पाणी मात्र थांबत नाही. पेशींतला हा साठा ओसरला की पान मान टाकते. भाजी टवटवीत राखण्याचा मानवाचा सारा इतिहास म्हणजे हे पाणी धरून ठेवण्याची धडपड होय.

आमच्या वसईच्या वाड्यांना ही धडपड नवी नाही. १८६४ साली मुंबई, बडोदा आणि मध्य हिंदुस्थान रेल्वेचा मार्ग सुरतेहून मुंबईला येऊन भिडला, १८६७ साली विरारहून मुंबईला लोकल गाडी सुरू झाली आणि वाडीतला भाजीपाला, केळी, विड्याची पाने ह्यांना मुंबईचा बाजार जवळ झाला. ऊन उतरल्यावर भाजी खुडावी, तिच्यावर पाणी शिंपडावे, ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात ती गुंडाळावी आणि पहाटेची गाडी गाठावी, हे आमच्या आयाबहिणींचे शास्त्र होते. जे ताजे टिकवता येत नसे, ते वाळवले जाई. आगाशीची सुकेळी ही त्याचीच गोड साक्ष आहे.

गारव्याची गोष्ट मात्र सातासमुद्रापलीकडची आहे. बोस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर ह्यांनी १८३३ साली ‘टस्कनी’ जहाजातून सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ कलकत्त्यास पाठविला. चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढे मुंबईतही बर्फघर उभे राहिले. पण तो थंडावा धनिकांच्या पेल्यापुरताच होता. १८७०च्या दशकात जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडे ह्यांनी अमोनियावर चालणारे शीतयंत्र व्यवहारात आणले. १९२७ साली जनरल इलेक्ट्रिकचा ‘मॉनिटर टॉप’ फ्रिज अमेरिकेतील घराघरांत शिरू लागला. आपल्याकडे गोदरेजने १९५८ साली फ्रिजचे उत्पादन सुरू केले.

परंतु नुसता गारवा पुरत नाही. फ्रिजमधली थंड हवा कोरडी असते. उघडी ठेवलेली पालेभाजी तीत लवकर सुकते. म्हणून तळाशी झाकलेला खण आला. आमच्या आजीचे ओले फडके जे काम करी, तेच हा खण करतो : भाजीभोवतीची ओल बाहेर जाऊ देत नाही. मात्र पानांवर पाणी साचले तर ती कुजतात. तेव्हा कोथिंबीर, मेथी निवडून, वरचे पाणी टिपून, कोरड्या कापडात किंवा कागदात गुंडाळून खणात ठेवावी. मुळा-गाजराचा पाला आधी काढावा, कारण तो कंदातले पाणी ओढून घेतो.

शेजारही पाहावा लागतो. सफरचंदातून इथिलीन वायू बाहेर पडतो, हे इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन ह्यांनी १९३४ साली सिद्ध केले. हा वायू फळे पिकवतो, तसाच पालेभाजी पिवळी पाडतो. म्हणून सफरचंदे, पिकलेले टोमॅटो आणि पालेभाजी एका खणात नांदत नाहीत. वसईच्या केळ्याला तर फ्रिज मानवतच नाही. सुमारे १३ अंश सेल्सिअसखाली त्याची साल काळवंडते. कांदे-बटाटे बाहेर, हवेशीर जागीच बरे.

निर्गमच्या सोळाव्या अध्यायात मान्नाची कथा आहे. हावेने साठवलेल्या मान्नात सकाळी किडे पडले. शब्बाथासाठी देवाच्या आज्ञेनुसार ठेवलेला मान्ना मात्र चांगला राहिला. म्हणजे दोष साठवण्यात नव्हता, हेतूत होता. आज आपला फ्रिज भरलेला असतो आणि आठवड्याअखेर खणाच्या तळाशी सडलेली जुडी सापडते. अन्न फेकणे म्हणजे गरिबाच्या ताटातून चोरणे, अशा आशयाचे उद्गार पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१३ साली काढले होते. ती जुडी पिकविण्यासाठी कोणीतरी उन्हात राबलेले असते, पहाटे टोपली डोक्यावर घेऊन निघालेले असते. गरजेपुरते आणावे, नीट ठेवावे, उरण्याआधी शेजाऱ्याला द्यावे. वाडीत वाढलेल्या समाजाला हे नव्याने शिकण्याची गरज नाही. आठवण ठेवली तरी पुरे.