गाय दिवसा विणार की रात्री?

गाय विणार असली की रात्र जागायची कोणी, तर घरच्या बाईने. बॅटरी घेऊन कोठ्यात दहा चकरा. आमच्या वस्तीत एक पहिलारू कालवड रात्री एकटीच व्याली. सकाळी पाहतो तर वासराच्या नाकातोंडावरची पिशवी तशीच. वासरू गेलं. गटाचं कर्ज काढून घेतलेली कालवड होती ती.

जुन्या काळी वैरणीची वेळ ठरवायचा प्रश्नच नव्हता. निस्तारात गावाची गुरं जंगलात चरत. सकाळी आखरावर जमायची, गायकी घेऊन जायचा, दिवस बुडता परत. पोट भरायचं ते दिवसा. रात्री मूठभर तणस मिळालं तर मिळालं. इंग्रजांच्या काळापासून जंगलं राखीव होत गेली, १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, चराई आखडली. गडचिरोलीकडे आजही गुरं जंगलात जातात, पण वाघ-बिबट्याच्या धाकाने दिवस भरलेली गाय आपण घरीच बांधतो. म्हणजे वैरण कधी टाकायची, हे आता आपल्या हाती आहे.

ही वेळ बदलली तर काय होतं, हे कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात गस कोनेफाल नावाच्या पशुपालकाने १९७० च्या दशकात करून पाहिलं. तिकडे रात्री बर्फ. त्याने वैरण दुपारी आणि मग रात्री उशिरा द्यायला सुरुवात केली, तर बहुतेक गाई दिवसा व्याल्या. पुढे अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १५ शेतांवरच्या १,३३१ गाईंना दिवसातून एकदाच, तिन्हीसांजेला वैरण दिली. शंभरातली ८५ वासरं सकाळी ६ ते संध्याकाळी ६ मध्ये जन्मली. रात्री खाल्लं की पोटाची मोठी पिशवी रात्री भरलेली आणि कामात राहते, दिवसा तिचा दाब उतरतो. विण्याआधीही हा दाब उतरतोच. जाणकार कारण देतात ते हे.

आपण एकदम एकवेळ करायची गरज नाही. एकूण खाणं कमी करायचं नाही. तणस-कुटाराचा मोठा वाटा दिवस बुडल्यावर टाका, सकाळी थोडंच. पाणी दिवसरात्र समोर. रेतनाची तारीख लिहून ठेवा, त्यापासून साधारण २८० दिवस मोजा आणि दोन-तीन आठवडे आधी ही वेळ लावा. अन् बॅटरीचे सेल काढू नका, कारण तिकडेही शंभरातल्या १५ रात्रीच व्याल्या.

आमच्या गटातल्या तिघींच्या गाई पौषात विणार आहेत. कोणती कधी व्याली ते वहीत लिहून ठेवू आणि पुढच्या वेळी इथेच सांगू.