मराठी मजकूर दुरुस्त करताना कळफलकाची साथ

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर महाराष्ट्राची हद्द संपण्यापूर्वी दुधनी हे स्थानक लागते. अक्कलकोट तालुक्यातील या बाजारपेठेच्या गावात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा सहज कानी पडतात. अशा ठिकाणी संगणकावर अर्ज किंवा करारनामा तयार करणाऱ्याचा वेळ मजकूर टाइप करण्यात जितका जातो, त्याहून अधिक तो दुरुस्त करण्यात जातो. नावातील एक वेलांटी चुकली तरी पुढे कागदपत्रे जुळत नाहीत. त्यामुळे दुरुस्तीच्या कळा नीट ठाऊक असणे ही निव्वळ हौसेची बाब राहत नाही.

इंग्रजीसाठीचे शॉर्टकट बहुतेकांना माहीत असतात. कंट्रोलसोबत सी दाबल्यास नक्कल, एक्स दाबल्यास कातरणे, व्ही दाबल्यास चिकटवणे आणि झेड दाबल्यास केलेली चूक मागे घेणे. कातरणे-चिकटवणे ही कल्पना लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात साकारली. झेड, एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या चार कळा ॲपलच्या १९८३ मधील लिसा संगणकामुळे रूढ झाल्या. विंडोजमध्ये कळफलक मराठीवर असतानाही हे शॉर्टकट चालतात. त्यासाठी दर वेळी इंग्रजीवर जाण्याची गरज नाही, ही गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही.

डिलीट आणि बॅकस्पेस

मराठीची खरी गंमत पुढे आहे. आपल्याला पडद्यावर एक अक्षर दिसते, पण संगणकाच्या लेखी ते अनेक घटकांचे बनलेले असते. सीमाभागात नेहमी आढळणारे ‘मल्लिकार्जुन’ हे नाव घ्या. त्यातील ‘र्जु’ म्हणजे र, हलन्त, ज आणि उकार असे चार घटक. समजा, उकार चुकून दीर्घ पडला. कर्सर ‘र्जू’च्या आधी ठेवून डिलीट दाबल्यास वर्डमध्ये ते संपूर्ण जोडाक्षर नाहीसे होते आणि रफारासह सारे पुन्हा टाइप करावे लागते. त्याऐवजी कर्सर ‘र्जू’च्या नंतर ठेवून बॅकस्पेस एकदाच दाबावे. फक्त दीर्घ उकार पुसला जातो व त्या जागी ऱ्हस्व उकार देता येतो. थोडक्यात, बॅकस्पेस शेवटचा घटक पुसते, तर डिलीट आख्खे अक्षर.

याच नावातील ‘ल्लि’ची पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, पण युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवलेली असते. म्हणून ती पुसण्यासाठीही कर्सर अक्षराच्या नंतरच हवा. जुन्या टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारण्याची सवय जडलेल्यांची येथे हमखास फसगत होते.

एकेक अक्षर ओलांडत बसण्यापेक्षा कंट्रोल धरून बाणाची कळ दाबली की कर्सर शब्दाशब्दाने सरकतो. सोबत शिफ्टही धरल्यास तो शब्द निवडला जातो. कंट्रोल-बॅकस्पेसने मागचा संपूर्ण शब्द पुसला जातो. वर्डमध्ये शिफ्ट-एफ५ दाबल्यास आपण याआधी जेथे दुरुस्ती केली होती तेथे परत जाता येते. लांबलचक दस्तऐवजात ही कळ फार उपयोगाची आहे. शिफ्ट-एफ३ मात्र मराठीसाठी कुचकामी, कारण आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरेच नाहीत!

शोधूनही न सापडणारे शब्द

कंट्रोल-एफने शब्द शोधणे व कंट्रोल-एचने तो सर्वत्र बदलणे हा दुरुस्तीचा सर्वांत झटपट मार्ग. तरीही समोर दिसणारा ‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकाला सापडत नाही, असा अनुभव येतो. त्यातील ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकासाठी ते निराळे शब्द. ‘ॲड.’मधील ‘ॲ’चेही तसेच आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहीत आणि आजही अनेक जण तसेच लिहितात. यावर उपाय असा, की शोधायचा शब्द पुन्हा टाइप न करता मजकुरातूनच नक्कल करून शोधचौकटीत चिकटवावा. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकुराला मात्र हा उपाय पुरत नाही. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो.

एक कळ, दोन लिप्या

दुधनीसारख्या गावाला सर्वाधिक उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे इनस्क्रिप्ट कळफलक. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये तो प्रमाणित केला, १९८८ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि १९९१ मध्ये त्याचा समावेश भारतीय मानकात झाला. भारतीय लिप्यांचा वर्णक्रम समान असल्याने डाव्या हाताकडे स्वर व उजव्या हाताकडे व्यंजने अशी एकच मांडणी सर्वांसाठी ठेवण्यात आली. ‘दुधनी’ लिहिण्यासाठी ओ, जी, शिफ्ट-ओ, व्ही आणि आर अशा पाच कळा लागतात. कळफलक कन्नडवर नेऊन त्याच पाच कळा त्याच क्रमाने दाबल्या, की तेच नाव कन्नड लिपीत उमटते. कन्नडमधील ऱ्हस्व ए आणि ओ यांच्यासाठीच्या कळा तेवढ्या वेगळ्या शिकाव्या लागतात.

विंडोजमध्ये मराठीची सोय विंडोज २००० पासून, तर कन्नडची विंडोज एक्सपीपासून आहे. दोन्ही भाषा सेटिंगमध्ये जोडून घेतल्या की डावीकडील ऑल्ट व शिफ्ट एकत्र दाबून भाषा बदलता येते. विंडोज ८ पासून विंडोज व स्पेस या कळांनीही हेच काम होते. विंडोज १० मध्ये २०१८ अखेरीस विंडोज-व्ही ही सोय आली. ती एकदा सुरू केली, की नक्कल केलेले मागचे अनेक तुकडे यादीत दिसतात. एकाच अर्जात नाव, गाव, तालुका पुन्हा पुन्हा आणि दोन्ही लिप्यांत भरायचा असेल, तर प्रत्येक तपशील एकदाच टाइप करून, तपासून, पुढे या यादीतून चिकटवत जावा.