छिद्राआधीचा गोळा : डोनट होलचा इतिहास, ओलीकूकपासून एअर फ्रायरपर्यंत

१/
डोनट होल म्हणजे काय, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : डोनटच्या मध्यभागी छिद्र पाडताना जो पिठाचा तुकडा निघतो, तो तळला की झाला डोनट होल. हे उत्तर तर्काला धरून आहे, पण कालक्रमाला धरून नाही. गोळा आधी जन्मला, छिद्र फार नंतर आले. आज घरच्या एअर फ्रायरमध्ये जे छोटे गोल डोनट भाजले जातात, त्यांचा आकार डोनटच्या सर्वांत जुन्या आकाराशी जुळतो. हा थ्रेड त्या गोळ्याचा आहे. आणि खाद्यपदार्थांच्या इतिहासात कोणाचे नाव कोरले जाते, याचाही.

२/
आरंभ सतराव्या शतकातील नेदरलँड्सपासून. तेथे 'ओलीकूक' नावाचा पदार्थ लोकप्रिय होता. शब्दशः अर्थ 'तेलातला केक'. आल्बर्ट कुइप या चित्रकाराच्या १६५२च्या सुमाराच्या एका चित्रात एका स्त्रीच्या हातात अशा तळलेल्या गोळ्यांनी भरलेले भांडे दिसते. १६६०च्या दशकात छापल्या गेलेल्या 'दे फर्स्टांडिखे कॉक' या डच पाककृतिग्रंथात ओलीकूकची कृतीही आहे : गव्हाचे पीठ, मनुका, सफरचंद, बदाम, दालचिनी, सुंठ, लवंग. पीठ आंबवायचे आणि गोळे तेलात सोडायचे. छिद्राचा कोठे उल्लेख नाही.

३/
डच वसाहतकारांबरोबर हा पदार्थ अटलांटिक ओलांडून न्यू ॲमस्टरडॅमला गेला. १६६४ साली इंग्रजांनी ते शहर घेतले व त्याचे न्यूयॉर्क झाले. पण डच कुटुंबे आणि त्यांची स्वयंपाकघरे तेथेच राहिली. १८०९ साली वॉशिंग्टन आयर्विंगने न्यूयॉर्कचा एक विनोदी इतिहास लिहिला. त्यात डच मेजवानीचे वर्णन करताना डुकराच्या चरबीत तळलेल्या गोड पिठाच्या गोळ्यांचा उल्लेख येतो; त्यांना तो 'डोनट' आणि 'ओलीकूक' अशी दोन्ही नावे देतो.

४/
येथे साधनचिकित्सेचा एक धडा आहे. आयर्विंगचे पुस्तक उपहासात्मक आहे. राजकीय घटनांसाठी ते जसेच्या तसे प्रमाण मानता येणार नाही. परंतु ताटातील पदार्थाचा आकार खोटा सांगण्याचे त्याला काही कारण नव्हते. वाचकांना तो पदार्थ ओळखीचा असल्याखेरीज विनोदच साधला नसता. अविश्वसनीय ग्रंथातही अनवधानाने आलेला तपशील विश्वसनीय असू शकतो. आणि तो तपशील सांगतो की १८०९च्या न्यूयॉर्कमध्ये डोनट म्हणजे गोळा.

५/
मग छिद्र का आले? उत्तर कढईत आहे. तळणाचे तेल साधारण १८० ते १९० अंश सेल्सिअसवर असते. पिठाचा पृष्ठभाग क्षणात तापतो, त्यातील पाण्याची वाफ होते, वर कवच धरते. आतील भागापर्यंत मात्र उष्णता हळूहळू झिरपत जाते. जाडी दुप्पट झाली तर मध्यापर्यंत ऊब पोहोचायला सुमारे चौपट वेळ लागतो. म्हणून मोठा गोळा बाहेरून करपतो आणि आत कच्चाच राहतो. ज्यांनी कधी घाईने मोठ्या आचेवर पहिला घाणा काढला आहे, त्यांना हे गणित वेगळे शिकवावे लागत नाही.

६/
या अडचणीवर चार उपाय संभवतात. गोळा लहान करणे. मध्यभागी शिजण्याची गरज नसलेले काही भरणे, उदाहरणार्थ मनुका किंवा अक्रोड. पीठ लांब वळून त्याला पीळ देणे. किंवा मधला भागच काढून टाकणे. पहिले तिन्ही उपाय जुने आहेत आणि निरनिराळ्या समाजांत स्वतंत्रपणे आढळतात. चौथ्या उपायाला मात्र अमेरिकेत एक जनक लाभला, त्याची जन्मभूमी लाभली आणि स्मारकफलकही लाभला.

७/
या जनकाचे नाव कॅप्टन हॅन्सन ग्रेगरी. मेन राज्यातील रॉकपोर्ट भागातला खलाशी. १९१६ साली 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये त्याची मुलाखत आली. तीत त्याने सांगितले की १८४७ साली, सोळा वर्षांचा असताना, जहाजावरील डोनट कडेला खमंग आणि आत कच्चे राहतात हे पाहून त्याने मिरपुडीच्या पत्र्याच्या डबीचे झाकण घेतले आणि पिठाच्या मध्यभागी छिद्र पाडले. घरी परतल्यावर ही युक्ती त्याने आईला शिकवली.

८/
कथा सुटसुटीत आहे, पण घटना आणि कथन यांत ६९ वर्षांचे अंतर आहे. या दोन टोकांच्या मध्ये एक भक्कम कागद सापडतो. ९ जुलै १८७२ रोजी मेनमधील थॉमस्टनच्या जॉन ब्लॉन्डेल याला डोनट कापण्याच्या साच्याचे पेटंट मिळाले. मधल्या नळीत अडकणारे पीठ स्प्रिंगने बाहेर ढकलणे ही त्याची करामत. म्हणजे १८७२पर्यंत छिद्राचा डोनट इतका रुळला होता की साच्यात अडकणारा मधला तुकडा ही एक व्यावहारिक कटकट ठरली होती. डोनट होल कागदपत्रांत शिरतो तो असा, पदार्थ म्हणून नव्हे तर अडचण म्हणून.

९/
थॉमस्टन आणि रॉकपोर्ट एकमेकांपासून फार दूर नाहीत. यावरून एवढेच म्हणता येते की मेनच्या किनाऱ्यावर छिद्राची पद्धत एकोणिसाव्या शतकात प्रचलित झाली होती. ती एका मुलाने एका दिवशी शोधली, हे सिद्ध होत नाही. खोटे आहे, असेही सिद्ध होत नाही. दंतकथेने मात्र पुढे स्वतःचा संसार थाटला. एका आवृत्तीत वादळात सुकाणू दोन्ही हातांनी धरता यावे म्हणून कॅप्टन डोनट सुकाणूच्या दांडीत खोचून ठेवतो. दुसरीत त्याची आई एलिझाबेथ पिठाच्या मध्यभागी अक्रोड भरते, म्हणून नाव 'डो-नट'. आई सर्व आवृत्त्यांत स्वयंपाक करते. शोध मात्र मुलाच्या नावावर जातो.

१०/
१९४१ साली न्यूयॉर्कच्या ॲस्टर हॉटेलात या प्रश्नावर चक्क जाहीर वाद भरवण्यात आला. एका बाजूला ग्रेगरीचे समर्थक. दुसऱ्या बाजूला वाम्पानोआग जमातीच्या बाणाने पिठाच्या गोळ्याला छिद्र पडले, अशी कथा. निकाल ग्रेगरीच्या बाजूने लागला. आयोजक होती 'नॅशनल डंकिंग असोसिएशन', डोनट उद्योगाच्या प्रसिद्धीसाठी चालवलेली हौशी संघटना. सहा वर्षांनी, २ नोव्हेंबर १९४७ रोजी, म्हणजे कथित शोधाच्या शताब्दीला, रॉकपोर्टला फलक बसला. फलक पाहताना तो कशाविषयी आहे याइतकेच तो कधी बसवला गेला, हेही पाहावे.

११/
याउलट ज्यांचे काम तारखेनिशी ज्ञात आहे, अशा दोघींची नावे क्वचितच ऐकू येतात. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, साल्व्हेशन आर्मीच्या हेलन पर्व्हायन्स आणि मार्गारेट शेल्डन फ्रान्समध्ये आघाडीजवळच्या एका तळावर होत्या. हाताशी होते पीठ, साखर, चरबी, बेकिंग पावडर आणि डब्यातले दूध. बाटलीचे लाटणे झाले. लहानशा कढईत एका वेळी सात डोनट मावत. पहिल्या दिवशी सुमारे १५० निघाले आणि पावसात सैनिकांची रांग लागली. हे डोनट आरंभी बिनछिद्राचे होते. कापायला साचाच नव्हता. पुढे एका वृद्ध फ्रेंच लोहाराकडून साचा बनवून घेतला गेला.

१२/
युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी ही चव मायदेशी नेली आणि यंत्राने तिची बाजारपेठ केली. १९२० साली रशियातून आलेल्या ॲडॉल्फ लेव्हिट या बेकरीवाल्याने न्यूयॉर्कमध्ये डोनटचे स्वयंचलित यंत्र तयार करवले. पीठ कड्याच्या आकारातच तेलात पडे, तरंगत पुढे जाई, उलटे, आणि घसरगुंडीवरून बाहेर येई. दुकानाच्या काचेतून हे दृश्य पाहायला लोक थांबत. १९४३ साली रॉबर्ट मॅक्लॉस्कीने 'होमर प्राइस' या बालपुस्तकात थांबायचे नावच न घेणाऱ्या डोनटयंत्राची गोष्ट लिहिली, तोवर असे यंत्र मुलांच्याही परिचयाचे झाले होते.

१३/
या यंत्राचा एक परिणाम सहसा नजरेतून सुटतो. पीठ कड्याच्या रूपातच पडत असल्याने मधला तुकडा निघणेच बंद झाले. घरी पोळी लाटून साच्याने डोनट कापणाऱ्या स्त्रीकडे प्रत्येक घाण्यात तुकडे उरत. ती ते तळून मुलांच्या हातावर ठेवी किंवा पुन्हा पिठात मळून टाकी. कारखान्यात छिद्र होते, पण छिद्रातून निघालेले काहीच नव्हते.

१४/
आणि मग बाजाराने तो तुकडा पुन्हा निर्माण केला. १९७०च्या दशकाच्या आरंभी डंकिन डोनट्सने 'मंचकिन्स' आणले. नाव 'विझर्ड ऑफ ऑझ'मधील बुटक्या लोकांवरून. एप्रिल १९७६मध्ये कॅनडाच्या टिम हॉर्टन्सने 'टिमबिट्स' आणले. आज असे गोळे बहुतेक ठिकाणी स्वतंत्रपणे पाडले जातात. ते कोणत्याही डोनटच्या मध्यातून आलेले नसतात. आहे ती केवळ तशी कल्पना. योगायोग असा की डंकिनचे पहिले दुकान १९५० साली मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी येथे त्या नावाने उघडले, आणि १९२१ साली वारलेला कॅप्टन ग्रेगरीही क्विन्सीतच पुरलेला आहे.

१५/
आता एअर फ्रायर. वाफाळत्या तेलाऐवजी वेगवान गरम हवा वापरण्याची कल्पना नवी नाही. १९४०च्या दशकात विल्यम मॅक्सनने विमानात गोठवलेले जेवण गरम करण्यासाठी पंखा असलेली छोटी भट्टी बनवली होती. घरगुती एअर फ्रायर मात्र फ्रेड व्हान डेर वेय या डच संशोधकाच्या प्रयत्नांतून आला. तळणीशिवाय चांगले बटाट्याचे काप करता यावेत, हा त्याचा ध्यास. फिलिप्स या डच कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात हे उपकरण जगापुढे ठेवले. ओलीकूक ज्या देशातून निघाला, त्याच देशातून कढई टाळणारे यंत्र आले. नववर्षाच्या आदल्या रात्री 'ओलीबोलन' तळण्याची प्रथा तेथे आजही टिकून आहे.

१६/
या यंत्रात डोनट होल करताना वरचे सारे भौतिकशास्त्र पुन्हा भेटते. हवा तेलाच्या तुलनेत फार कमी उष्णता वाहून नेते, म्हणून पंख्याचा वेग लागतो आणि गोळ्यांभोवती मोकळी जागाही. तेलात सोडताच आकार धरणारे सैल पीठ येथे चालत नाही. ते जाळीतून गळते. मैदा, थोडी साखर, लोणी, कोमट दूध आणि यीस्ट यांचे मऊ पण हाताला आकार देणारे पीठ हवे. ते दुप्पट फुगू द्यावे, अडीच-तीन सेंटिमीटरचे गोळे वळावेत, पुन्हा थोडे फुगू द्यावेत. वरून तुपाचा हात फिरवून, एकाच थरात, सुमारे १७५ अंशांवर पाच-सहा मिनिटे ठेवावेत आणि मध्ये एकदा हलवावेत. गरम असतानाच वितळलेल्या लोण्यात बुडवून दालचिनी-साखरेत घोळावेत.

१७/
याला डोनट म्हणावे का? काटेकोरपणे पाहिले तर ही क्रिया भाजण्याची आहे, तळण्याची नव्हे. तेलातून वाफ बाहेर पडताना जे पातळ, खरपूस, किंचित तेलकट कवच तयार होते, ते येथे मिळत नाही. मिळतो गोड, मऊ पाव. पण आकार लहान असल्याने मधला भाग कच्चा राहण्याचा प्रश्न उद्भवत नाही. छिद्र न पाडता छिद्राची समस्या सुटते. ओलीकूकच्या काळातील स्वयंपाकिणीलाही हा पहिला उपाय ठाऊकच होता.

१८/
मराठी वाचकाला येथे गुलगुले आठवतील. गव्हाचे पीठ, गूळ, तेलात सोडलेले लहान गोळे. आखाड तळताना अनेक घरांत होणारे. साम्य खरे आहे, पण त्यावरून वंशावळ जोडू नये. पीठ, गोडवा आणि तापलेले स्निग्ध द्रव्य जेथे एकत्र येते, तेथे लहान गोळा हे उत्तर आपोआप सुचते. 'आमच्याकडूनच गेले' किंवा 'त्यांच्याकडूनच आले' असे म्हणण्यापूर्वी वाट दाखवणारा पुरावा हवा : जहाज, हस्तलिखित, शब्दाचा प्रवास. ओलीकूकच्या बाबतीत तो आहे. गुलगुल्याला डोनटशी जोडणारा नाही.

१९/
तर हिशेब असा. छिद्राला जनक आहे, जाहीर निवाडा आहे, फलक आहे. गोळ्याला यांपैकी काहीच नाही, कारण तो असंख्य स्वयंपाकघरांत अनाम हातांनी घडला. उद्योगाला जाहिरातीसाठी एक नायक हवा असतो, आणि छिद्रासारखी रिकामी जागा नायकाच्या नावे करणे सोपे जाते. पुढच्या वेळी एखाद्या पदार्थाचा 'शोध अमक्याने अमक्या साली लावला' असे वाचनात आले, तर तीन प्रश्न अवश्य विचारावेत : हे कोणी सांगितले, किती वर्षांनी सांगितले, आणि ते सांगण्यात कोणाचा फायदा होता?

(समाप्त)