देवगावच्या तहाचे देणे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते मराठी आणि इतिहास असे दोन्ही विषय शिकवीत, आणि इतिहासाच्या तासालाही व्याकरण सोडीत नसत. ‘दौलतीवर कर्ज झाले’ असे वाक्य आले की ते विचारीत, ‘कर्ता कोण?’ आम्ही म्हणत असू, ‘कर्ज.’ ते हसत. व्याकरणाने उत्तर बरोबर, इतिहासाने चूक. कर्ज आपण होऊन होत नाही, ते कोणीतरी काढलेले असते. पुढे ‘रयतेला कर भरावा लागला’ असे वाक्य येई, तेव्हा भरणारा मात्र आपल्या विभक्तीसह हजर असे. आजचे माझे विवेचन त्या एका प्रश्नापुरतेच आहे.

पांढुर्णा-सौसरचा आपला घाटाखालचा मुलूख अठराव्या शतकाच्या मध्यास देवगडच्या गोंड घराण्याकडून नागपूरकर भोसल्यांकडे आला. भोसले स्वाऱ्यांवर जगणारे होते हे खरे; पण त्यांचे मूळ शेतकऱ्याचे, आणि कुणब्याला सांभाळून घेण्याची बुद्धी त्यांच्या ठायी होती. इंग्रजी गॅझेटिअरकारांनीदेखील, ज्यांना भोसल्यांची स्तुती करण्याचे काहीच कारण नव्हते, १८०३ पर्यंतचा त्यांचा कारभार एकंदरीत बरा ठरवला आहे. त्या काळात लागवड वाढत होती, वसूलही वाढत होता.

मग १८०३ साल उजाडले. आदल्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांचा आश्रय घेतला होता. त्याविरुद्ध दौलतराव शिंदे आणि दुसरे रघुजी भोसले उभे राहिले. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली, २९ नोव्हेंबरला अडगावची. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी वऱ्हाडातील देवगाव येथे तह झाला. (आपल्या छिंदवाड्याजवळचा देवगड तो निराळा, विद्यार्थ्यांची येथे नेहमी गल्लत होते.) कटक प्रांत इंग्रजांकडे गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाकडे गेले. राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा एका सहीने हातचा गेला.

येथपर्यंतचा इतिहास शाळेच्या पुस्तकात असतो. त्यानंतर काय झाले हे पुस्तकात नसते, आणि आपल्या पूर्वजांना भोगावे लागले ते नेमके तेच. गेलेल्या हिश्शाची तूट उरलेल्या दोन हिश्शांतून भरून काढायची असे दरबाराने ठरवले. उरलेले म्हणजे नागपूर आणि भोवतालचा मुलूख, म्हणजेच आपणही. गावांचा धारा पिळून वसूल होऊ लागला. नवे कर बसले. फौजेचा पगार थकला. पगार थकलेली फौज उपाशी राहत नाही. ती कुणब्याच्या खळ्यावर जाऊन पोट भरते. म्हणजे सरकारने जी काटकसर केली तिचाही खर्च रयतेनेच दिला. त्यातच पेंढाऱ्यांच्या धाडी सुरू झाल्या. १८११ मध्ये ते थेट नागपुरापर्यंत आले आणि त्यांनी शहराबाहेरील वस्ती जाळली. या भागातील गावोगावच्या गढ्या बहुतेक याच काळातल्या. त्यांकडे आपण पराक्रमाच्या खुणा म्हणून पाहतो. वास्तविक त्या निरुपायाच्या खुणा आहेत: बाहेरचे सारे गेल्यावर निदान जीव तरी वाचावा म्हणून बांधलेल्या.

आता कर्ता कोण? इंग्रज लेखक सारा दोष रघुजींच्या लोभावर टाकतात. पुढे १८५४ मध्ये राज्य खालसा करणाऱ्यांना ही कहाणी सोयीचीच होती. आपले अभिमानी लेखक सारा दोष इंग्रजांवर टाकून मोकळे होतात. माझ्या मते ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता, जबाबदारी त्याची. कटक घेणारे इंग्रज होते, हे निर्विवाद. पण तूट कोणाकडून भरायची हा निर्णय इंग्रजांचा नव्हता, तो नागपूरच्या वाड्यात झाला. १८१६ मध्ये रघुजी वारल्यावर आप्पासाहेबांनी आपली सत्ता पक्की करण्यासाठी तैनाती फौज पत्करली आणि वर्षाला साडेसात लाख रुपये कबूल केले. ती सहीसुद्धा कोणा कुणब्याने केली नव्हती.

हा प्रश्न मला जुन्या कागदांनी सुचवला नाही. तो १९९१ ने सुचवला. त्या वर्षी देशाकडे जेमतेम पंधरवड्याच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते, आणि जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोने इंग्लंड व जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण ठेवावे लागले. पंतप्रधान होते नरसिंह राव, शेजारच्या रामटेकचे दोन वेळचे खासदार. पण हे कर्ज त्यांच्या खुर्चीबरोबर आलेले होते. ऐंशीच्या दशकात मिळकतीपेक्षा खर्च वाढत गेला, केंद्राची वित्तीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांवर गेली, आणि आखाती युद्धाने तेल महागताच झाकलेले उघडे पडले. येथे मी रयतेला पूर्ण निर्दोष म्हणणार नाही. १९९० मध्ये दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जे माफ झाली तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले गेले, आणि ते मीही खाल्ले. ते पैसे कोठून येणार हे आम्ही कोणीच विचारले नाही. मात्र पेढे खाणाऱ्याचा वाटा आणि सही करणाऱ्याचा वाटा एका तागडीत तोलता येत नाही. त्या दशकात ज्यांनी सह्या केल्या त्यांतील कोणाच्या घरी काटकसर पोहोचली, असे माझ्या पाहण्यात नाही.

आमच्याकडे ती पोहोचली. २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात खताचे भाव चाळीस टक्क्यांनी वाढले. ओरड झाल्यावर वाढ तीस टक्क्यांवर आली आणि लहान शेतकऱ्यांना सूट देण्याचे ठरले. पुढल्या वर्षी ऑगस्टमध्ये डीएपी आणि पोटॅशवरील नियंत्रण उठले, त्यांचे भाव भडकले आणि युरिया मात्र स्वस्त झाला. माझे वडील संत्र्याच्या बागेचा हिशेब एका लांबट वहीत ठेवीत. ती वही माझ्याकडे आहे. १९९२ च्या पानावर युरियाची पोती नेहमीपेक्षा अधिक लिहिली आहेत, आणि पोटॅशचा रकाना कोरा आहे.